‘आधी इन्फेक्शन उतरू द्या’ : एका समजाचे खंडन

सोलापूर हे दवाखान्यांचे गाव आहे. अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी, तुळजापूर, शिवाय कर्नाटकातल्या इंडी-विजयपूरकडचा आजारी माणूसही शेवटी इथेच येतो. येताना त्याच्या हातात कॅरीबॅगेत कोंबलेले कागद असतात. पित्ताच्या पिशवीत खडे असलेल्या रुग्णाचे ते कागद चाळले तर पुष्कळदा एकामागून एक डिस्चार्ज कार्डे निघतात : एक दिवाळीच्या सुमाराचे, एक गड्ड्याची यात्रा संपल्यानंतरचे, तिसरे ऐन उन्हाळ्यातले. तिन्हींवर निदान तेच, पित्ताशयदाह. उपचारही तेच : सलाईन, सेफ्ट्रिॲक्सोन, मेट्रोनिडॅझोल, पँटोप्रॅझोल. आणि तळाशी सूचना, सहा आठवड्यांनी दाखवणे. सोनोग्राफीचा रिपोर्ट मात्र दर वेळी थोडा बिघडत गेलेला. पहिल्यात पित्ताशयाची भिंत तीन मिलिमीटर, तिसऱ्यात सात. पहिल्यात पित्तनलिका नेहमीएवढी, तिसऱ्यात फुगलेली आणि तिच्या टोकाशी एक खडा.

या कागदांमागे एक ठाम समज आहे आणि तो नुसता रुग्णांचा नाही. ‘पित्ताच्या पिशवीला इन्फेक्शन झालंय. आधी ते उतरू द्या, पिशवी थंड होऊ द्या, मग ऑपरेशनचं बघू.’ आणि बरे वाटल्यावर घरातले वडीलधारे म्हणतात, ‘आता दुखत नाही ना? मग कशाला चिरफाड करून घेतोस?’ हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत माणसे तब्येतीने आणि क्वचित जिवाने मोजतात, असे माझे म्हणणे आहे. पित्ताशयात आणि पित्तनलिकेत जिवाणू माजतात ते पित्ताची वाट अडते म्हणून. वाट अडलेली ठेवून जिवाणूंवर औषध मारत राहणे हा उपचाराचा पहिला, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंतचा भाग आहे. तोच संपूर्ण उपचार मानणे हे खरे दुखणे.

खंडन करायचे तर पूर्वपक्ष दुबळा करून मांडू नये. त्याच्यात तीन बळकट मुद्दे आहेत. पहिला, ताप आहे, पांढऱ्या पेशी वाढल्या आहेत, म्हणजे जंतुसंसर्ग आहे आणि जंतुसंसर्गावर अँटिबायोटिक हाच इलाज. दुसरा, सुजलेल्या, लालबुंद भागात हात घातला तर रक्तस्राव होतो, मुख्य पित्तनलिका कापली जाण्याचा धोका वाढतो, म्हणून थांबणे शहाणपणाचे. तिसरा मुद्दा अनुभवाचा : सलाईन आणि इंजेक्शनांवर बहुतेक रुग्ण चार दिवसांत बरे होऊन घरी जातातच.

पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात करू. निरोगी माणसाच्या पित्तात जिवाणू जवळपास नसतात. यकृत दिवसाला सहाशे मिलिलिटर ते एक लिटर पित्त तयार करते. हे पित्त सतत खाली वाहत असते आणि त्यातले क्षार जिवाणूंचे आवरण विरघळवतात. नलिकेच्या तोंडाशी असलेली स्नायूची कडी आतड्यातला मजकूर वर चढू देत नाही. यकृतातल्या भक्षक पेशी रक्तातून आलेले जंतू गिळतात. ही सगळी संरक्षणव्यवस्था एका गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे प्रवाह. पित्ताशयाच्या मानेत खडा अडकला की पिशवीतले तीस-पन्नास मिलिलिटर पित्त तिथेच कोंडते. ते दाट होते, भिंतीला झोंबू लागते. पित्तातल्या लेसिथिनपासून लायसोलेसिथिन हे दाहक द्रव्य बनते, भिंतीला सूज येते, तिचा रक्तपुरवठा घटतो. ताप आणि पांढऱ्या पेशींची वाढ या रासायनिक दाहानेही होते. सुरुवातीच्या दिवसांत पित्ताचे कल्चर केले तर निम्म्याच्या आसपास रुग्णांत त्यात काहीच वाढत नाही. ई. कोलाय, क्लेब्सिएला, एन्टरोकोकस ही आतड्यातली मंडळी नंतर येतात आणि दिवस जातील तशी वाढतात. म्हणजे ज्याला आपण कारण म्हणतो ते बहुतेक वेळा परिणाम असते.

शास्त्रातही हा घोळ जुना आहे. १८९२ मध्ये जर्मन वैद्य बर्नहार्ड नाउनिन यांनी खडे मुळात जंतुसंसर्गाने आणि दाहाने बनतात असा सिद्धांत मांडला आणि तो बराच काळ टिकला. त्यात तथ्याचा अंश होता. पित्तनलिकेत बनणारे मऊ, तपकिरी खडे खरोखरच जिवाणूंच्या कर्तृत्वाने होतात. जपानच्या माकी यांनी १९६६ मध्ये त्याची रासायनिक साखळी दाखवली : जिवाणूंचे एक विकर बिलिरुबिन सुटे करते आणि ते कॅल्शियमशी मिळून खाली बसते. पण पित्ताशयात बनणारे बहुसंख्य खडे या जातीचे नाहीत. नाउनिन यांच्या दहा वर्षे आधी, १५ जुलै १८८२ रोजी, बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी सोळा वर्षे पोटशूळ भोगलेल्या एका त्रेचाळीस वर्षांच्या माणसाचे पित्ताशय काढून टाकले. तोवरचे शल्यचिकित्सक पिशवीला छेद देऊन खडे काढत आणि पिशवी तशीच ठेवत. लांगेनबुख यांची विचारसरणी वेगळी होती : पिशवीत खडे आहेत म्हणून ती काढायची नाही, तीच पिशवी पुन्हा खडे बनवते म्हणून काढायची. घोड्याला आणि हत्तीला पित्ताशय नसते आणि त्यांचे काही अडत नाही, हेही त्यांनी पाहिले होते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद आजही कोणी खोडून काढलेला नाही.

तिसरा मुद्दा अनुभवाचा, म्हणून तो आधी घेतो. रुग्ण बरा होतो हे खरे. पण कशाने? दवाखान्यात दाखल केल्यावर पहिले काम होते ते म्हणजे तोंडाने काही द्यायचे नाही. अन्न, विशेषतः तेलकट अन्न, आतड्यात गेले नाही की पित्ताशयाला आकुंचन पावण्याचा संदेश जात नाही आणि अडकलेला खडा मानेतून मागे सरकण्याची शक्यता वाढते. डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक दाहच कमी करते. खडा मागे घसरला की वाट मोकळी होते, दुखणे थांबते, ताप उतरतो. याच चार दिवसांत अँटिबायोटिकही चालू असते आणि सगळे श्रेय त्याच्या पदरात पडते. खडा मात्र पिशवीतच असतो, पुढच्या लग्नातल्या जेवणाची वाट पाहत.

आता दुसरा मुद्दा, जो तज्ज्ञ मांडतात आणि म्हणून जास्त आदराने तपासायला हवा. सहा आठवडे थांबण्याचा नियम हवेतून आलेला नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले. विकसनशील देशांतली ती पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. त्या सुरुवातीच्या वर्षांत जगभरच तीव्र दाह असताना दुर्बीण घालू नये असा दंडक होता. हात बसलेले नव्हते, उपकरणे मर्यादित होती आणि मुख्य पित्तनलिकेला इजा झाली तर रुग्ण आयुष्यभर भोगतो. त्या काळी सावध राहिलेल्यांना दोष देता येणार नाही.

पण पोटाच्या आत प्रत्यक्ष काय दिसते ते पाहू. दाह सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले असतील तर पित्ताशय ताणलेले, लालसर, जड असते. आधी सुईने आतले पित्त ओढून घेतले की ते पकडता येते. भिंतीत पाणी भरलेले असल्यामुळे थर एकमेकांपासून सुटे झालेले असतात आणि सक्शनच्या बोथट टोकानेही ते अलग होतात. तेच पित्ताशय दोन-तीन झटके भोगून, सहा आठवड्यांनी किंवा सहा महिन्यांनी टेबलावर आले की चित्र बदलते. चरबीचा पडदा त्याला घट्ट चिकटलेला असतो. पित्ताशयाची नळी, यकृताची कडा आणि मुख्य नलिका यांच्यामधला कॅलॉटचा त्रिकोण, जिथे सगळी जोखीम असते, तो व्रणाने आकसून गेलेला असतो. कोणती नळी कुठली हे ओळखणे तिथे अवघड होते. थंड झालेली पिशवी सोपी असते असे ज्यांना वाटते त्यांनी वारंवार थंड केलेली पिशवी आठवून पाहावी.

आणि हा केवळ नजरेचा दाखला नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ६१८ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाची शस्त्रक्रिया दाखल झाल्यापासून चोवीस तासांत झाली. दुसऱ्याला अँटिबायोटिक देऊन सातव्या ते पंचेचाळिसाव्या दिवसादरम्यान शस्त्रक्रिया केली. लवकरच्या गटात ११.८ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, थांबलेल्या गटात ३४.४ टक्के. त्याआधीच्या चाचण्यांचा एकत्रित हिशेबही हेच सांगतो : पित्तनलिकेला इजा होण्याच्या प्रमाणात दोन्ही पद्धतींत फरक आढळत नाही आणि वाट पाहणाऱ्यांपैकी साधारण सहात एकाला मध्येच दुखणे बळावून तातडीने टेबलावर घ्यावे लागते. दुखणे सुरू झाल्यापासून पहिले तीन दिवस उत्तम, आठवडा-दहा दिवसांपर्यंतही चालते. अट एकच, हात अनुभवी हवा आणि अवघड वाटले तर पिशवीचा काही भाग मागे ठेवून सुरक्षित बाहेर पडण्याचा विवेक हवा.

थांबण्याच्या बाजूने कधी कधी आपल्या परंपरेचाही हवाला दिला जातो. कच्चे कापू नये, पिकू द्यावे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला सतरावा अध्याय याच विषयावर आहे, आमपक्वैषणीय. सूज कच्ची आहे, पिकत आली आहे की पिकली आहे हे ओळखण्याची लक्षणे तिथे दिली आहेत. पण हा हवाला देणारे अर्धेच वाचतात. सुश्रुत अज्ञानाने कच्चे कापणाऱ्या वैद्याइतकाच पिकलेले दुर्लक्षून ठेवणाऱ्या वैद्यालाही दोषी धरतो, आणि तेही फार कडक शब्दांत. कोंडलेला पू बाहेर काढलाच पाहिजे हे शल्यशास्त्राचे आद्य तत्त्व आहे. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या पिढीच्या शल्यचिकित्सकांना हे तत्त्व हाताने पाळावे लागले, कारण त्यांच्या पेटीत पेनिसिलीन नव्हते. अँटिबायोटिके आल्यावर आपण ते तत्त्व विसरू लागलो, असे मला फार तळमळीने वाटते.

इथवर पित्ताशयाचे झाले. पित्तनलिकेत खडा अडकला तर गोष्ट आणखी गंभीर. नलिकेतला दाब एरवी पाण्याच्या दहा-बारा सेंटिमीटरच्या आसपास असतो. तो पंचवीसच्या पुढे गेला की जिवाणूंनी भरलेले पित्त उलट फिरून यकृतातल्या रक्तात शिरते. थंडी वाजून ताप, कावीळ आणि बरगडीखाली उजवीकडे दुखणे ही तीन लक्षणे फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८७७ मध्येच एकत्र मांडली. त्यात बरळणे आणि रक्तदाब घसरणे या दोन लक्षणांची भर १९५९ मध्ये रेनॉल्ड्स यांनी घातली. ही पाचही दिसू लागली की वेळ तासांत मोजायची.

नेमकी इथेच आपल्याकडे दोन प्रकारे वेळ जातो. कावीळ दिसली की गावाकडे काविळीची माळ घालतात, झाडपाल्याचे औषध देतात, उसाचा रस पाजतात. विषाणूची कावीळ बहुधा आपोआप बरी होते, म्हणून त्या औषधाचा लौकिक टिकून आहे. खड्याच्या काविळीत ते दिवस फुकट जातात. आणि शहरात पोचल्यावर ‘वरचं’ अँटिबायोटिक सुरू होते, मग त्याच्याही वरचे, आणि वाट उघडायचा निर्णय पुढे ढकलला जातो. नलिका बंद असताना औषध पित्तात जवळपास उतरतच नाही, हे ध्यानात घेतले तर या चढाओढीतला फोलपणा कळतो. रक्तातले जंतू मारण्यासाठी पहिला डोस पहिल्याच तासात गेला पाहिजे, यात वाद नाही. पण वाट बंद असेपर्यंत जंतूंचा उगम चालूच राहतो.

उगम बंद करण्याचे काम आता पोट न फाडता होते. ईआरसीपीची दुर्बीण तोंडातून जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचते. तिथल्या भिंतीवर नलिकेच्या तोंडाचा लहानसा उंचवटा असतो. खडा अडकला असेल तर तो टचटचीत फुगलेला दिसतो. तारेने वाट करून बारीक नळी आत सरकवली की आधी पिवळट घट्ट पू उसळतो आणि मागोमाग काळपट हिरवे पित्त. रुग्ण फार अत्यवस्थ असेल तर त्या वेळी सगळे खडे काढण्याचा हट्ट धरायचा नाही, प्लास्टिकचा स्टेंट ठेवून बाहेर यायचे. पुष्कळदा काही तासांत लघवी सुरू होते आणि रक्तदाबाची औषधे कमी करता येतात. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये ८२ अत्यवस्थ रुग्णांवर केलेली चाचणी प्रसिद्ध आहे. दुर्बिणीने वाट उघडलेल्यांत १० टक्के दगावले, पोट उघडून शस्त्रक्रिया केलेल्यांत ३२ टक्के. वाट उघडायची की नाही हा प्रश्नच त्या चाचणीत नव्हता, ती कमीत कमी त्रासाने कशी उघडायची एवढाच होता.

नलिकेतला खडा काढला म्हणजे काम झाले असेही नाही. पित्ताशय तसेच ठेवून वाट पाहिलेल्यांपैकी ४७ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला, काढलेल्यांपैकी दोन टक्क्यांना, असे २००२ मध्ये हॉलंडच्या डॉक्टरांनी दाखवून दिले.

आता त्या लाडक्या इंजेक्शनाबद्दल. ‘सेफ्ट्रिॲक्सोन पित्तात चांगले उतरते’ म्हणून ते दिले जाते. मोकळ्या नलिकेत ते उतरतेही. पण तिथे कॅल्शियमशी मिळून त्याचाच गाळ पित्ताशयात साठतो, लहान मुलांत विशेष. औषध थांबवल्यावर तो बहुधा विरघळतो. पण दुखणाऱ्या पित्ताशयाला हेच औषध दहा-दहा दिवस देताना ही गोष्ट ठाऊक असायला हवी. शिवाय वाट मोकळी झाल्यावर इतके दिवस औषध लागतच नाही. २०१५ च्या एका अमेरिकन चाचणीत पोटातल्या संसर्गाचा उगम नीट काढल्यावर चार दिवसांचे औषध आठ दिवसांच्या औषधाइतकेच उपयोगी ठरले. त्याआधी २०१४ मध्ये फ्रान्समधल्या ४१४ रुग्णांवरच्या चाचणीत पित्ताशय काढल्यानंतर पाच दिवस अँटिबायोटिक दिलेल्यांत १५ टक्के आणि न दिलेल्यांत १७ टक्के जणांना संसर्ग झाला. ते रुग्ण सौम्य-मध्यम आजाराचे होते हे खरे, पण दवाखान्यात येणारे बहुसंख्य तसेच असतात. उगाच दिलेल्या प्रत्येक दिवसाच्या औषधाची किंमत गावाला मोजावी लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अहवालांनुसार ई. कोलायवर इमिपेनेम हे राखीव मानलेले औषध २०१७ मध्ये सुमारे ८० टक्के नमुन्यांत लागू पडत होते. २०२२ पर्यंत ते प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास आले.

पूर्वपक्षाला वाटेल, निदान टायफॉइडच्या बाबतीत तरी जिवाणू हाच मुख्य शत्रू आहे. सोलापूरला उजनीचे पाणी येते आणि तेही रोज नाही. काही दिवसांआड आलेले पाणी पिंपांत आणि टाक्यांत साठवणे घरोघरचा शिरस्ता आहे, म्हणून टायफॉइडची गोष्ट इथे दूरची नाही. टायफॉइड झालेल्यांपैकी एक ते पाच टक्के जणांत जिवाणू पित्ताशयात मुक्काम करतो आणि माणूस धडधाकट दिसत असताना विष्ठेतून बाहेर पडत राहतो. न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच वाहक होती. तिने पित्ताशय काढू दिले नाही आणि १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंतची शेवटची तेवीस वर्षे तिला सक्तीने एकांतात ठेवले गेले. अशा वाहकांत बहुतेकांना खडे असतात. खड्यांच्या पृष्ठभागावर जिवाणू चिकट थर करून राहतात आणि त्या थराच्या आत औषध पोचत नाही. खडे असलेल्या वाहकांत अँटिबायोटिक पुष्कळदा हरते आणि पित्ताशय काढल्यावर अनेकजण मोकळे होतात. जिवाणूचा पक्ष जिथे सर्वांत बळकट, तिथेही अडथळा आणि आसरा हटवल्याशिवाय भागत नाही.

माझ्या म्हणण्याचा अतिरेकही होऊ नये. पोटाची तपासणी दुसऱ्याच कारणासाठी केली आणि सोनोग्राफीत खडे दिसले, त्रास काहीच नाही, अशा माणसाला घाबरवून टेबलावर घेणे चूक आहे. दर वर्षी त्यांच्यापैकी एक-दोन टक्क्यांनाच त्रास सुरू होतो. फार थकलेला, हृदय-फुप्फुस कमकुवत असलेला रुग्ण असेल तर विचार करून पावले टाकावी लागतात. तरीही २०१८ च्या डच चाचणीत जोखमीच्या रुग्णांतसुद्धा पित्ताशय काढणे हे बाहेरून नळी घालण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित ठरले : मोठी गुंतागुंत १२ टक्के विरुद्ध ६५. त्रास सुरू झालेल्या मधुमेहींनी मात्र अजिबात थांबू नये. त्यांच्यात दुखणे कमी जाणवते आणि आत भिंत सडत जाते, कधी तिच्यात वायूही साठतो. लिंबाचा रस आणि तेल पिऊन खडे पाडण्याच्या उपायाबद्दल एवढेच सांगतो की, जे हिरवे गोळे पडतात ते तेलाचा साबण होऊन बनलेले असतात.

पैशाचा अडसर खरा आहे, पण सोलापूरकरांपुरता तो थोडा कमी व्हावा अशी सोय आहे. राज्याची जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत सोलापूर होता. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते आणि पित्ताशयाच्या शस्त्रक्रिया तिच्या यादीत आहेत. तीनदा दाखल होऊन तीनदा सलाईन घेण्याचा खर्च एकदाच्या शस्त्रक्रियेहून कमी असतो असे समजू नये. बुडालेली मजुरी धरली तर मुळीच नाही.

आणखी एक काम इथल्या शल्यचिकित्सकांच्या हातात आहे. पित्ताशय काढताना किंवा स्टेंट घालताना दोन-तीन मिलिलिटर पित्त सिरिंजमध्ये घेऊन कल्चरला पाठवायला वेगळा वेळ लागत नाही. सिव्हिल हॉस्पिटलपासून खासगी दवाखान्यांपर्यंत सगळ्यांनी हे अहवाल वर्षभर एकत्र केले, तर अक्कलकोटच्या विडी कामगार बाईला किंवा मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या शेतकऱ्याला पहिल्या तासात कोणते औषध द्यायचे हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. पित्ताशय आणि पित्तनलिकेच्या दाहाच्या उपचारांसाठीची टोकियोची मार्गदर्शिका स्वतःच सांगते की औषध स्थानिक जिवाणूंचा कल पाहून निवडा. तो कल सोलापुरातच मोजावा लागेल.